रोमच्या मठांत तीन रात्री

परदेशच्या प्रवासाचा बेत ठरला म्हणजे विमानाचें तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे यांचा विचार सगळे करतात. परंतु उतरावयाचें कोठें हा प्रश्न बहुधा शेवटीं उरतो आणि मग घाईघाईनें कसाबसा सोडविला जातो. आमच्या घरीं मात्र तो सर्वांत आधीं निघाला, आणि तो काढला माझ्या सासूबाईंनीं.

आमचे धाकटे भावोजी जर्मनींत नोकरीस आहेत. गेल्या फाल्गुनांत त्यांच्याकडे जाण्याचें ठरलें, तेव्हां वाटेंत तीन दिवस रोमला थांबावें असें सासूबाईंनीं सुचविलें. त्यांचे वडील नाशिकास एका शाळेंत इतिहास शिकवीत. सीझर, ऑगस्टस, हेड्रियन हीं नांवें त्यांच्या तोंडीं घरच्या माणसांच्या नांवांसारखीं असत. पण रोम कांहीं त्यांना पाहावयास मिळालें नाहीं. "अण्णांनीं जें गांव चाळीस वर्षें फळ्यावर काढलें तें मला एकदां पाहूं द्या," एवढीच सासूबाईंची इच्छा. तिला त्यांनीं एक अट जोडली. "जुन्या गांवांत उतरायचें तर जुन्या घरांत. कांचेच्या उंच हॉटेलांत निजायचें असेल तर तें पुण्यांतही आहे."

अट ऐकावयास गोड, पण खिशाला जड. रोमच्या मध्यभागीं जुन्या वाड्यांतून जीं हॉटेलें आहेत त्यांचे दर पाहून आमच्याकडील स्वारी दोन दिवस गप्पच होती. इंग्रज कवि कीट्स ज्या घरांत १८२१ सालीं वारला, त्या स्पॅनिश पायऱ्यांलगतच्या घरांतील एक बिऱ्हाडही प्रवाशांस भाड्यानें मिळतें. पण तें नुसतें वाचूनच आम्हीं समाधान मानलें. शेवटीं भावोजींनींच कळविलें कीं, रोममध्यें ख्रिस्ती संन्यासिनींचे कित्येक मठ प्रवाशांना खोल्या देतात. घरें शेंकडों वर्षांचीं, जागा गांवाच्या पोटांत आणि दर हॉटेलाच्या निम्म्यानें.

घरांत थोडी खळबळ उडाली. आमचे चुलत सासरे सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, जन्मभर सोंवळें पाळलेंत, आणि आतां ख्रिस्ती मठांत निजणार?" सासूबाईंनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. दुसरे दिवशीं जेवणें झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, काशीस गेलें तेव्हां धर्मशाळेंत उतरलें होतें. ती कोणी बांधली तें विचारलें नव्हतें. दाराला कडी आणि नळाला पाणी आहे कीं नाहीं, एवढें विचारलें होतें. येथेंही तेवढेंच विचारा."

धर्मशाळा हा शब्द त्यांनीं सहज वापरला. पण पुढें वाचीत गेलें तसतशी माझी खात्री पटली कीं याहून नेमका शब्द सांपडला नसता. रोम हें युरोपचें काशीक्षेत्रच होय. तेथें येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं आठव्या शतकांतच इंग्लंडांतील सॅक्सन लोकांनीं संत पीटरच्या मंदिराजवळ आपली वस्ती आणि उतारशाळा केली होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस पोप तिसरा इनोसंट यानें त्याच जागीं सांतो स्पिरितो हें रुग्णालय स्थापन केलें. १३०० सालीं पोप आठवा बोनिफेस यानें पहिलें जयंतीवर्ष पुकारलें, आणि १४७५ पासून तें दर पंचवीस वर्षांनीं पाळण्याचा प्रघात पडला. अशा वर्षीं यात्रेकरूंचे लोंढे येत. त्यांना निजावयास जागा आणि जेवावयास भाकरी मिळावी म्हणून संत फिलिप नेरी यानें १५४८ मध्यें एक सेवामंडळ काढलें. त्याचे सभासद, त्यांत मोठमोठे सरदारही, यात्रेकरूंचे पाय स्वतः धूत. स्वीडनची संत ब्रिजिद रोममधील ज्या घरांत राहिली आणि १३७३ मध्यें वारली, तें फार्नेसे चौकांतील घर तिच्या पंथाच्या भगिनींकडे असून तेथें आजही पाहुणे उतरतात. अहिल्याबाई होळकरांनीं भरतखंडांतील क्षेत्रोक्षेत्रीं घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हें ज्या वाचकांस ठाऊक आहे त्यांना यांतील भाव निराळा समजावून सांगावयास नको.

हीं घरें आज आपल्यासारख्यांस कां मिळतात, याचें कारण मात्र थोडें उदास आहे. मठांत येणाऱ्या मुलींची संख्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळच घटली. जेथें पूर्वीं तीस-चाळीस भगिनी राहत तेथें आतां सहा-सात म्हाताऱ्या उरल्या. खोल्या रिकाम्या, आणि छपराची डागडुजी तर चुकत नाहीं. म्हणून त्यांनीं खोल्या पाहुण्यांस देण्यास आरंभ केला. सरकारी भाषेंत अशा घराला 'कासा पेर फेरिए', म्हणजे सुटीचें घर, असें म्हणतात. शोध करतांना हें नांव ध्यानांत ठेवावें. उलट 'पूर्वींचा मठ' अशी ज्याची जाहिरात असते, तें बहुतेक श्रीमंतांचें हॉटेल असतें. त्यांतून संन्यासिनी गेल्या आणि दर चढले.

आम्हीं सहा मठांना पत्रें पाठविलीं. इंग्रजी पत्रांना एकच उत्तर आलें. तींच चार वाक्यें इटालियनमध्यें करून पाठविलीं तेव्हां आणखी तीन आलीं. सासूबाईंच्या कडी-पाण्याच्या प्रश्नांत आम्हीं आपले प्रश्न मिसळले होते. खोली कितव्या मजल्यावर आहे? उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, आहे काय? न्हाणीघर खोलीला लागून आहे कीं सामाईक? रात्रीं दार किती वाजतां बंद होतें? आणि राहण्याची लेखी हमी मिळेल काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजूं नये. व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, आणि तोंडी 'या' म्हणणाऱ्या प्रेमळ म्हातारीचा तेथें उपयोग होत नाहीं. अखेर त्रास्तेवेरे भागांतील एका मठाचें पत्र आम्हांस पसंत पडलें. त्यांत लिहिलें होतें: खोली दुसऱ्या मजल्यावर, तीन पलंगांची, लिफ्ट नाहीं, पायऱ्या बेचाळीस, दार अकराला बंद, न्याहारीसह नव्वद युरो. पायऱ्या मोजून कळविणाऱ्या बाईवर सासूबाईंचा तत्काळ विश्वास बसला.

विमानतळावरून मध्यवर्ती स्थानकाकडे जी जलद गाडी जाते तिच्या मोहांत न पडतां आम्ही साधी गाडी घेतली. ती कमी पैशांत थेट त्रास्तेवेरे स्थानकावर थांबते. पुढची ट्राम मात्र आम्हांस गल्लीच्या तोंडाशींच सोडून गेली. रोमच्या जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडांचे लहान लहान चौकोनी तुकडे बसविलेले आहेत. दिसावयास सुरेख; पण चाकांची पेटी त्यांवरून ओढणें म्हणजे बैलगाडी नांगरटींतून नेण्यासारखें आहे. सामान थोडें आणि उचलतां येण्याजोगें असावें हा धडा आम्ही तेथें शिकलों.

मठाचें दार बाहेरून अगदीं साधें, पण आंत पाऊल टाकतांच चौक, चौकांत दगडी विहीर, एक नारिंगाचें झाड आणि चहूंबाजूंस कमानींची ओसरी. सासूबाई थबकल्या आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या नाशिकचा वाडा!" दारावर बसणाऱ्या वृद्ध भगिनींना इटालियनखेरीज भाषा येत नव्हती, आणि सासूबाईंना मराठीखेरीज बोलावयाची नव्हती, त्यामुळें दोघींचें पहिल्यापासून बरें जमलें. पासपोर्ट पाहून नांवें लिहून घेण्यांत आलीं. पोलिसांस कळविण्यासाठीं हें प्रत्येक मुक्कामघराला करावेंच लागतें. खोलींत लोखंडी पलंग, पांढऱ्या चादरी, लांकडी झडपांच्या खिडक्या, लाल फरशी, आणि एका पलंगाच्या डोक्याशीं भिंतीवर क्रूस. मी सासूबाईंकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, "घर त्यांचें, देव त्यांचा. तो असूं दे. मी तिकडच्या पलंगावर निजतें."

त्यांना लागलें तें निराळेंच. दाराच्या मागील बाजूस नियमांचा कागद होता: खोलींत स्वयंपाक करूं नये, रात्रीं अकरानंतर दार उघडणार नाहीं, आणि खोलींत ज्योत पेटवूं नये. सासूबाईंच्या पिशवींत बाळकृष्ण आणि चांदीचें निरांजन होतें. साठ वर्षांत देवापुढें दिवा लागला नाहीं असा एकही दिवस त्यांना आठवत नव्हता. यजमान म्हणाले, "आई, पांच मिनिटांचा तर प्रश्न. खिडकी उघडी ठेवूं, कोणाला कळणार?" सासूबाईंनीं निरांजन परत पिशवींत घातलें. "कळणार नाहीं म्हणून करायचें असेल तर ती पूजा कसली? लांकडी छताचें घर आहे. मानसपूजा करीन." परंतु त्या रात्रीं त्या बऱ्याच उशिरापर्यंत जाग्या होत्या, हें मला त्यांच्या कुशी बदलण्यावरून कळलें.

दुसरे दिवशीं आम्ही गांव पाहावयास निघालों. जुन्या भागांत उतरण्याचा पहिला लाभ हा कीं, पाहण्याजोगीं स्थळें पायांखालीं असतात आणि दुपारीं घटकाभर परत येऊन पडतां येतें. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या सोयीची किंमत विचारावी. त्रास्तेवेरेमध्येंच सान फ्रांचेस्को आ रिपा नांवाचें मंदिर आहे. आसिसीचा संत फ्रान्सिस रोमला आला म्हणजे तेथल्या उतारशाळेंत राहत असे. तो उशाला घेत असे म्हणतात तो दगडही तेथें जपून ठेवला आहे. हें ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग आपल्याला उशा मऊ मिळाल्या हें भाग्यच."

पाण्याची काळजी रोममध्यें मुळींच नको. १८७४ पासून रस्त्यांत बसविलेले ओतीव लोखंडाचे नळ आजही अडीच हजारांच्या घरांत आहेत. त्यांतून पिण्याचें थंड पाणी अखंड वाहत असतें. नळाच्या वांकड्या तोंडामुळें लोक त्यांना 'नाकाडे' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. तोंडावर बोट धरलें कीं वरच्या छिद्रांतून बारीक कारंजें उडतें आणि तांब्या-भांड्याशिवाय पाणी पितां येतें. जेवणाला मात्र सावधपणा हवा. शाकाहारी म्हणून जी चीज-मिऱ्यांची शेवई पुढें येते, तिच्यांतील पेकोरीनो चीज कोंकराच्या जठरांतील रसानें विरजलेलें असतें. पार्मेजानोला वासराचा रस लागतो. भाजीच्या सारांत मांसाचें पाणी आणि कोशिंबिरींत मासळी असूं शकते. टोमॅटो, लसूण आणि तेल एवढ्यावरच होणारा 'मारिनारा' पिझ्झा, लसूण-तेलाची शेवई, त्या ऋतूंत मिळणारे आर्टिचोक, ताजा पाव आणि फळें यांवर आमचें उत्तम भागलें. सासूबाईंच्या डब्यांतील दशम्या आणि मेतकूट होतेंच.

पँथिऑनमध्यें गेलों तो क्षण मी विसरणार नाहीं. हेड्रियन बादशहाच्या काळीं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत, बांधलेला हा घुमट. त्याचा व्यास सुमारें ४३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. म्हणजे आंत एक पुरा गोल बरोबर बसावा. माथ्यावर मोठें उघडें छिद्र आहे. त्यांतून ऊन येतें आणि पावसांत पाऊसही. ६०९ मध्यें त्याचें ख्रिस्ती मंदिर झालें आणि तेव्हांपासून तें राबतें राहिलें, म्हणूनच तें इतकें शाबूत उरलें. सासूबाई मध्यभागीं उभ्या राहून बराच वेळ वर पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अण्णा फळ्यावर आधीं वर्तुळ काढीत आणि मग त्याच्याभोंवतीं भिंती. मुलें हंसत. त्यांचें वर्तुळ बरोबर होतें."

त्याच दिवशीं क्विरिनाल टेकडीवरील सांत आंद्रेआ मंदिरासही गेलों. आजची वास्तु बेर्निनीची, सतराव्या शतकांतील; पण त्यापूर्वीं येथेंच जेसुइट संघाचें उमेदवारगृह होतें, आणि १५७५ या जयंतीवर्षीं त्यांत एका इंग्रज तरुणानें प्रवेश केला. चार वर्षांनीं तो गोव्यास उतरला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्यें त्याचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. आपल्या भाषेवर लोभ करणारे फादर स्टीफन्स ते हेच. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हाही आधीं येथें पाहुणाच होता, आणि पुढें आपल्याकडे पाहुणा आला." आम्हीं कांहीं बोललों नाहीं.

आतां आमच्या चुकीची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या रात्रीं सासूबाई लवकर आडव्या झाल्या, आणि आम्ही दोघें त्रेव्हीचें कारंजें दिव्यांच्या उजेडांत पाहावें म्हणून बाहेर पडलों. पाण्याशीं बसलों आणि वेळेचें भान राहिलें नाहीं. नंतर ट्राम येईना. वाट पाहून पाहून शेवटीं पायींच निघालों. १४७५ च्या जयंतीच्या गर्दीसाठीं म्हणून पोप चौथा सिक्स्टस यानें जो पूल बांधविला, त्यावरून अक्षरशः धांवत नदी ओलांडली. दाराशीं आलों तेव्हां अकरा वाजून पंचवीस मिनिटें झालीं होतीं. दार बंद. आंत सत्तरी उलटलेली आई एकटी, भाषा येत नाहीं, आणि आम्ही रस्त्यावर! घंटा ओढावयासही हात धजेना.

घंटा वाजतांच दार उघडलें. वृद्ध भगिनींनीं एक शब्दही उच्चारला नाहीं; नुसत्या बाजूला झाल्या. ओसरीच्या बाकावर शाल पांघरून सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर कापसाची गुंडी, आणि पुढच्या ताटलींत वाती. त्यांच्या हातच्या सारख्या, आणि त्यांशेजारीं आणखी कांहीं, जाड, वांकड्या, नवख्या हाताच्या. पावणेअकरापर्यंत आम्ही आलों नाहीं असें पाहून त्या बेचाळीस पायऱ्या उतरून खालीं आल्या होत्या; आणि दार लावून निजावयास जाण्याऐवजीं त्या भगिनी त्यांच्याशेजारीं बसून वाती वळीत राहिल्या होत्या.

जिना चढतांना सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "त्या बाईंना पहांटे पांचाला प्रार्थनेला उठायचें असतें. बोटांनीं सांगितलें त्यांनीं मला. तुम्हांला वेळ कागदावर लिहून दिली होती." आम्हां दोघांना मान वर करवेना. हॉटेलांत उशिरा आलों असतों तर पगारी पहारेकऱ्यानें दार उघडलें असतें, आणि आम्हांला कांहींच वाटलें नसतें. येथें आम्हीं एका म्हातारीची झोप खर्ची घातली होती, आणि तिचा हिशेब भाड्याच्या पावतींत लागणारा नव्हता.

सकाळीं यजमानांनीं खालीं जाऊन, मोडक्यातोडक्या इटालियनमध्यें, पण हात जोडून क्षमा मागितली. भगिनी हंसल्या आणि त्यांनीं सासूबाईंना खुणेनें चौकांत बोलावलें. विहिरीचा दगडी कठडा पुसून ठेवला होता. त्यावर त्यांनीं रात्रींची एक वांकडी वात ठेवली आणि आगपेटी पुढें केली. नियम खोलीचा होता. दगडाला आगीचें भय नव्हतें. सासूबाईंनीं बाळकृष्ण आणून बसविला, निरांजन लावलें आणि नमस्कार केला. भगिनी दोन हात लांब उभ्या राहिल्या, आणि ज्योत आपोआप विझेपर्यंत तेथून हलल्या नाहींत.

तेथून निघतांना भाड्याचे पैसे दिले, पालिकेचा माणशीं कर दिला. हा कर बहुधा दरांत धरलेला नसतो, हें लक्षांत असावें. सासूबाईंनीं उरलेला कापूस देऊन टाकला.

ज्यांना असा मुक्काम करावयाचा असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी लिहितें. ईस्टरचा आठवडा आणि जयंतीवर्ष टाळावें. हिंवाळ्यांत, नाताळ सोडून, जागा सहज मिळते. तीन-चार महिने आधीं लिहावें. इटलींतील जुन्या वाड्यांचे मजले उंच असतात, म्हणून मजला न विचारतां पायऱ्या विचाराव्या. रात्रीं नाटकास किंवा गाण्यास जावयाचें असेल तर मठाच्या वाटेस जाऊं नये. त्यांत मठाचा दोष नाहीं. रोमखेरीज इतरत्रही असाच मार्ग निघतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजचीं कॉलेजें सुटींत आपल्या खोल्या पाहुण्यांना देतात. डरॅमचा किल्ला १०७२ चा. तो आज विद्यापीठाचें वसतिगृह आहे आणि सुटींत तेथें निजतां येतें. न्युरेंबर्गला पंधराव्या शतकाच्या अखेरीस किल्ल्याला लागून बांधलेलें धान्याचें कोठार आतां तरुणांचें प्रवासीगृह झालें आहे. या सर्व घरांत एक गोष्ट सारखी आहे: तीं दुसऱ्या कोणाच्या तरी राहत्या, चालत्या घराचा भाग आहेत. म्हणून तीं स्वस्त आहेत, म्हणूनच तीं अजून उभीं आहेत, आणि म्हणूनच तेथें आपण गिऱ्हाईक म्हणून जाऊन चालत नाहीं. पाहुण्यानें घरच्यांची वेळ सांभाळावी, ही आपल्याकडील साधी रीत तेथें नेली म्हणजे झालें.

परत आल्यावर चुलत सासऱ्यांनीं विचारलें, "काय वहिनी, रोमला सोंवळें राहिलें का?" सासूबाई वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझें राहिलें हो. मोडलें तें या दोघांनीं, अकरा वाजून पंचवीस मिनिटांनीं."